‘बारा हजारांत आय-सेव्हन’: आईवडिलांच्या संगणकाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा की आईवडिलांना बँकेचे व्यवहार, यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल यांपलीकडे संगणकावर फारसे काही करायचे नसते, त्यामुळे महाग यंत्राची गरज नाही. बारा हजार रुपयांत आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक कार्ड, नवा कोरा मदरबोर्ड, ‘लाइफटाइम’ विंडोज ११ प्रो आणि १९ इंची मॉनिटर असा पूर्ण संच एक वर्षाच्या वॉरंटीसह मिळतो, बाकी काही लागत नाही, पुढची दहा वर्षे त्याकडे बघावे लागत नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले ब्रँडेड संगणक मात्र भंगार असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. आईवडिलांची गरज साधी असते, हे यातले पहिले विधान खरे आहे. पण गरज साधी असणे आणि कसलाही माल चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुले पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील गावी, अशा घरात बिघडलेले यंत्र उघडून बघणारे कोणी नसते. तिथे कमी ताकदीचे यंत्र चालेल, कमी भरवशाचे चालणार नाही.

सर्वात मोठा भर ‘आय-सेव्हन’ या नावावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करणे योग्य. इंटेलने हे नाव २००८ पासून वापरले आहे आणि त्यानंतर चौदाव्या पिढीपर्यंत त्या नावाचे प्रोसेसर येत राहिले. जुनी मोटार घेताना आपण मॉडेलच्या नावाइतकेच तिचे वर्षही विचारतो. इथे ते वर्ष नावापुढच्या आकड्यात असते आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा गाळलेला असतो. या किमतीच्या संचात बहुधा आय-सेव्हन २६०० किंवा ३७७० सापडतो. यांपैकी पहिला जानेवारी २०११ मधला आणि दुसरा २०१२ मधला आहे. २६०० मध्ये चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामांचे धागे) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, तरीही तो २६०० ला फार मागे टाकतो, कारण मधल्या अकरा वर्षांत प्रत्येक कोरची कामाची गती वाढत गेली. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडताना उपयोगी पडते ती बहुतांशी हीच एका कोरची गती.

आईवडिलांच्या वापराच्या दृष्टीने एक बाब याहूनही महत्त्वाची आहे. यूट्यूब आपले व्हिडिओ मोठ्या प्रमाणावर व्हीपी९ आणि एव्ही१ या स्वरूपांत पाठवते. २०११-१२ च्या प्रोसेसरमध्ये ही स्वरूपे उलगडण्याची वेगळी सोय नाही, म्हणून ते काम पूर्णपणे कोरवर येते, पंखा जोराने फिरू लागतो आणि कीर्तन ऐकता ऐकता दुसरी टॅब उघडली की चित्र अडखळते. व्हीपी९ ची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आहे आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. साधे आय-थ्री नवे असेल तर ते हे काम न कुरकुरता करते.

जुन्या प्रोसेसरविरुद्ध एक अतिशयोक्तीही केली जाते, तीही इथेच दुरुस्त केली पाहिजे. ‘विजेचे बिल दुप्पट येईल’ असे म्हणणाऱ्यांनी गणित केलेले नसते. जुना संच नव्यापेक्षा ५० वॅट जास्त घेतो असे धरले आणि तो रोज चार तास चालला, तरी महिन्याला सहा युनिटचाच फरक पडतो. तेवढ्यासाठी कोणी जुना संगणक नाकारू नये. नाकारण्याची कारणे दुसरी आहेत.

त्यांतले मुख्य कारण विंडोजच्या मुद्द्यात दडलेले आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा योजनाही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशी अट घातली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन, म्हणजे वरचा २६०० किंवा ३७७०, या अटीत बसत नाही. मग जाहिरातीतल्या संचावर विंडोज ११ दिसते कसे? तपासणी वगळून ते बसवता येते, आणि आज ते चालतेही. अडचण नंतर येते. विंडोज ११ च्या घरगुती आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिन्यांचा आधार मिळतो, त्यानंतर पुढची आवृत्ती घ्यावी लागते, आणि अटीत न बसणाऱ्या यंत्रावर ती आपणहून येत नाही. कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन बसून पुन्हा तीच पळवाट काढावी लागते. हे काम सत्तरीतल्या वडिलांनी करावे अशी अपेक्षा असेल, तर ‘दहा वर्षे बघायला नको’ हे वाक्य कोणत्या आधारावर लिहिले, हे लिहिणाऱ्याने सांगावे.

‘लाइफटाइम ॲक्टिव्हेशन’ हा शब्दप्रयोगही तितकाच फसवा आहे. विंडोजचा परवाना खरा असेल, तर त्याची किंमत एवढ्या संचात मावत नाही. त्यामुळे इथे बहुतेकदा परवान्याची तपासणी चुकवणारा एखादा प्रोग्रॅम चालवलेला असतो, आणि तो चालावा म्हणून अँटीव्हायरसला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलेले असते. त्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय आहे, हे बसवणाऱ्या मुलालाही माहीत नसते. तरुण माणूस अशा यंत्रावर खेळ खेळेल. आईवडील त्यावर पेन्शनचे खाते उघडतात, मुदतठेवीचे नूतनीकरण करतात आणि ओटीपी टाकतात. आयुष्यभराची बचत ज्या यंत्रावरून हाताळली जाते, त्याचे कुलूप आधीच कोणीतरी उघडून दिलेले असणे मला अक्षम्य वाटते.

१६ जीबी रॅमविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. या वापराला ८ जीबी पुरते, १६ असेल तर उत्तम. पण इथली रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची असते आणि पुढच्या कोणत्याही यंत्रात ती बसणार नाही.

ग्राफिक कार्डाचा मुद्दा मात्र मनोरंजक आहे. ते आकर्षण म्हणून दिलेले असते, पण काही संचांत ते नाइलाजाने घातलेले असते, कारण पहिल्या पिढीच्या ८६० किंवा ८७० या आय-सेव्हनमध्ये चित्र दाखवण्याची अंगभूत सोयच नाही आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीही उमटत नाही. दिले जाणारे कार्ड बहुधा जीटी ६१० किंवा जीटी ७३० असते. ६१० हे २०१२ चे. त्या पिढीसाठी नियमित नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवले. वर सांगितलेले व्हीपी९ स्वरूप उलगडण्यातही ही कार्डे मदत करत नाहीत. मदत करतात ती बिघाडात: धूळ बसून छोटा पंखा अडकतो, संपर्क सैल होतो, आणि ‘डिस्प्ले येत नाही’ असा फोन मुलाला येतो. दैनंदिन वापराच्या यंत्रात जितके सुटे भाग कमी, तितके चांगले.

‘नवा कोरा मदरबोर्ड’ हे शब्दशः खोटे नसते, म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते. एच६१ हा चिपसेट, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी मुख्य चिप, २०११ चा आहे. त्यावर आधारलेले बोर्ड अनोळखी नावांनी आजही नव्या खोक्यात मिळतात, आणि त्यांवरच्या चिप बहुतेकदा जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या असतात. या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० अंगभूत नाही आणि साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या मार्गाचा, वेगही जुन्या, म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिटच्या मर्यादेत राहतो. तरीही अशा बोर्डावर एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावली की यंत्र लक्षणीय चपळ होते, हे मान्य करायला हवे; हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी वेगळी जाणवते ती मुख्यतः विखुरलेली माहिती क्षणात शोधून आणण्यामुळे, आणि तो फायदा जुन्या साटावरही मिळतो. फक्त ती एसएसडी तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपनीची हवी. संचातल्या बेनामी एसएसडीवर घरचे फोटो ठेवू नयेत.

‘४५० वॅट’ असे लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट येतो. त्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष क्षमता यांचा संबंध असेलच असे नाही. तालुक्याच्या गावी विजेचा दाब वरखाली होत असताना हाच भाग आधी जातो आणि जाताना कधी कधी बोर्डही घेऊन जातो. ओघातच एक सूचना: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणकाला दोष देण्याआधी घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते.

‘पूर्ण संच, बाकी काही लागत नाही’ हे विधान तर व्हिडिओ कॉलचे नाव घेणाऱ्या मजकुरातच टिकत नाही. लॅपटॉपमध्ये असणाऱ्या तीन गोष्टी डेस्कटॉपमध्ये नसतात: कॅमेरा, माइक आणि बहुतेकदा वाय-फाय. राउटर दिवाणखान्यात आणि संगणक आतल्या खोलीत असेल, तर वाय-फायचा डोंगल किंवा भिंतीतून नेलेली केबल हवी. वीज गेल्यावर संगणक नीट बंद करता यावा, यासाठी किमान ६०० व्हीएचा यूपीएस हवा. छोट्या संचाला तो दहा-पंधरा मिनिटे देतो आणि त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. हा सगळा खर्च मिळवला की बारा हजारांचा आकडा मागेच राहतो.

या सर्वांत आईवडिलांवर खरा अन्याय करतो तो १९ इंची मॉनिटर. तो बहुधा वापरलेला आणि १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो. वय झालेल्या डोळ्यांना अक्षर मोठे लागते. विंडोजमध्ये अक्षर १२५ किंवा १५० टक्के करता येते, पण एवढ्या कमी पिक्सेलवर तसे केले की बँकेच्या फॉर्मचे ‘पुढे जा’ हे बटण पडद्याच्या खाली निघून जाते आणि ‘तुझा संगणक बिघडला’ अशी तक्रार सुरू होते. २२ किंवा २४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न बिघडणारा) नवा मॉनिटर हा या खरेदीतला सर्वात मोठा खर्च असायला माझी हरकत नाही. प्रोसेसर कोणता आहे हे आईला कधी कळणार नाही. चष्मा कपाळावर सरकवून वाकावे लागते का, हे रोज कळेल.

आता ‘ब्रँडेड जुने म्हणजे भंगार’ हा दावा. ऑफिसांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क किंवा लेनोव्होचे थिंकसेंटर रोज आठ तास चालावेत म्हणूनच बनवलेले असतात. त्यांपैकी ऑप्टिप्लेक्स ३०६०, एलिटडेस्क ८०० जी४ किंवा थिंकसेंटर एम७२०क्यू यांत आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो आणि ते विंडोज ११ च्या अटीत बसतात. त्यांतला आय-फाइव्ह ८५०० सहा कोरचा आहे. मूळ विंडोज परवान्याची किल्ली अनेकदा त्यांच्या बायोसमध्येच (बोर्डावरच्या मूळ प्रणालीत) असते, त्यामुळे कसलीही पळवाट न काढता विंडोज सुरू होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच नव्हे, तर रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त केलेला जुना माल विकणाऱ्या बऱ्याच दुकानांत असे डबे किंचित अधिक पैशांत मिळतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकल्यामुळे रॅमसकट येणारे हे संगणक सुटे भाग जुळवण्यापेक्षा अधिकच परवडू लागले. त्यांचा दोष एकच: एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, गल्लीतल्या दुकानात लगेच बदलून मिळत नाहीत. नवेच हवे असेल, तर इंटेल एन१०० वर चालणारा छोटा संगणक विचारात घ्यावा. २०२३ चा हा प्रोसेसर ६ वॅटच्या वर्गातला आहे, एव्ही१ उलगडतो आणि रोजच्या कामाला पुरतो, मात्र तो बोर्डावर पक्का जोडलेला असल्याने पुढे बदलता येत नाही.

ज्यांच्या घरी एच६१ चा संच आधीच आला आहे, त्यांनी तो फेकण्याचे कारण नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे. त्याला २०२९ पर्यंत आधार आहे, ब्राउझर नेहमीसारखाच चालतो आणि मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. त्याआधी प्रिंटर तपासावा, कारण आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर सहजासहजी चालत नाही.

राहता राहिली ‘एक वर्ष वॉरंटी’. ती कच्च्या चिठ्ठीवर असेल, तर ती नाहीच असे समजावे. पक्क्या बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, एसएसडी आणि मॉनिटर यांचे अनुक्रमांक, आणि वॉरंटी दुकानात आणून देण्याची आहे की घरी येऊन, हे लिहून घ्यावे. पैसे देण्यापूर्वी संगणक तिथेच सुरू करून सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर प्रोसेसरचा क्रमांक पाहावा आणि रन खिडकीत (विंडोज कळ आणि R एकत्र दाबून उघडणाऱ्या) tpm.msc टाइप करून टीपीएमची आवृत्ती २.० दिसते का, ते तपासावे. दुकानदाराने याला नकार दिला, तर दुसरे दुकान गाठावे.