काटा निघालाच नाही

"विश्वास पक्का असला की दुर्बलता निघून जाते" हे एका लेखातलं वाक्य खटकलं. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की, शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवणी केली, तरी तो गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच प्रभूचं उत्तर मिळालं. काटा नेमका कसला, हेही त्याने सांगितलं नाही. बरंच केलं, ज्याला त्याला आपापला आठवतो!

मी मिरजेचा. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवा हात गेला. चर्चमधलेच एकजण म्हणाले, "प्रार्थना कमी पडतेय." फार लागलं ते. आधी मी कुणाकडे तांब्याभर पाणीही मागत नसे. आता रविवारी शेजारचा पोरगा गीतांच्या पुस्तकाची पानं उलटून देतो. हात तसाच लुळा आहे, मागायची लाज मात्र गेली.