‘आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही’: पेनड्राइव्हवरच्या सिस्टीमबद्दलच्या दाव्यांची तपासणी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी आला. पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि कॉलेजांच्या ग्रुपवर त्यावर एक उपाय फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘३२ जीबीचा कुठलाही पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स टाका, हव्या त्या मशीनला लावा. आपला कॉम्प्युटर खिशात! विंडोज ११ सुद्धा असंच टाकता येतं. आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही, मागे काही खूण राहत नाही.’

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम. बाहेरच्या ड्राइव्हवरून सिस्टीम चालवणं ही चांगली सोय आहे आणि नीट केली तर रोजच्या कामालाही पुरते. पण हा मजकूर जसाच्या तसा पाळला, तर चांगला चालणारा लॅपटॉप अडून बसू शकतो. म्हणून सगळ्यात घातक दावा आधी घेऊ.

‘आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.’ इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, तर हे बरंचसं खरं आहे. इन्स्टॉल करताना मात्र नाही. मशीन चालू झाल्यावर सिस्टीम कुठून उचलायची हे ठरवणारा बूटलोडर डिस्कच्या एका छोट्या भागात, ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. उबंटू आणि मिंट हे लिनक्सचे दोन प्रकार. उबंटूचा जुना इन्स्टॉलर, जो मिंटनेही वापरला, त्यात ‘बूटलोडर कुठे टाकू’ या जागी बाहेरचा ड्राइव्ह निवडला तरी तो पहिलं सापडेल ते ईएफआय पार्टिशन वापरतो. ते सहसा आतल्या डिस्कवरचं, म्हणजे विंडोजचं असतं. ही चूक अनेक वर्षांपासून नोंदलेली आहे. मग ड्राइव्ह काढून लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (लिनक्सच्या बूटलोडरचं नाव) एवढी अक्षरं येतात आणि पुढे काही हलत नाही. फायली जागेवर असतात, विंडोजही असतं, पण बघणाऱ्याला वाटतं सगळं उडालं. शिवाय तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवरही चालत नाही, कारण त्याचा बूटलोडर पहिल्या लॅपटॉपमध्येच राहिलेला असतो.

असं झालंच असेल तर घाबरून फॉरमॅट मारू नका. मशीन चालू होतानाच कळ दाबून बूट मेनू उघडा (डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९) आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. बहुतेक वेळा विंडोज सुरू होतं. मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तेच पहिल्या क्रमांकावर ठेवा.

मुळात हे टाळायचं असेल, तर डेस्कटॉपवर इन्स्टॉल करण्याआधी आतल्या डिस्कची केबल काढून ठेवा. याहून खात्रीचा उपाय नाही. लॅपटॉपवर लाइव्ह मोडमधून जीपार्टेड हा डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्राम उघडा, आतल्या ईएफआय पार्टिशनवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग (पार्टिशनवरच्या खुणा) काढा आणि काय काढलं ते कागदावर लिहून ठेवा. बाहेरच्या ड्राइव्हवर जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल बनवा. पहिलं पार्टिशन ५१२ एमबीचं फॅट३२, त्याला ‘ईएसपी’ फ्लॅग, उरलेलं ईएक्सटी४ (फॅट३२ आणि ईएक्सटी४ हे फॉरमॅटचे प्रकार). इन्स्टॉल झालं की रीस्टार्ट करण्याआधी आतले फ्लॅग परत लावा. हे विसरलात तर पुढे विंडोज सुरू होताना अडू शकतं. शेवटी बाहेरच्या ड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ‘बूट’ नावाचा फोल्डर आहे का ते बघा. अनोळखी मशीन ड्राइव्ह लावल्यावर तिथेच शोधतं. तो नसेल तर ग्रब ‘रिमूव्हेबल’ पर्याय देऊन पुन्हा बसवावा लागतो.

धक्के आणखीही आहेत. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर सिक्युअर बूट (फक्त सही केलेल्या सिस्टीमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करताच पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी नसेल तर डेटा अडकून पडतो. म्हणून बायोसला हात लावण्याआधी की लिहून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करा. तसंही उबंटू आणि फेडोरा (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) सिक्युअर बूट चालू असताना चालतात, ते बंद करायची गरज नसते. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर लिहिलं तर फायली बिघडू शकतात. ते आधी बंद करा. लिनक्सनंतर विंडोज उघडल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरीला दोष देऊ नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं.

‘कुठलाही ३२ जीबीचा पेनड्राइव्ह चालतो.’ सुरू होतो, पण वापरवत नाही. एक मोठी फाइल कॉपी करताना पेनड्राइव्ह बरा वाटतो. चालती सिस्टीम मात्र चार-चार केबीचे हजारो तुकडे इथेतिथे लिहीत असते आणि साध्या पेनड्राइव्हचा कंट्रोलर तिथे मान टाकतो. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले, मागे अपडेट सुरू झालं, की माउससुद्धा अडखळतो. लाइव्ह पेनड्राइव्हवर सेटिंगमध्ये जोडलेला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड-लेआउटही बंद केल्यावर पुसला जातो. पर्सिस्टन्स (बदल जपून ठेवायची जागा) ठेवला तर तो टिकतो, पण कर्नल (सिस्टीमचा गाभा) मूळ इमेजमधलाच राहतो.

त्यापेक्षा जुनी साटा एसएसडी (लॅपटॉपमध्ये असते तशी चिपवाली डिस्क) आणि ती यूएसबीला जोडणारं यूएसबी ३ चं केसिंग घ्या. १२० जीबी भरपूर झाले. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, केसिंग घेताना यूएसबी २ चं गळ्यात पडणार नाही हे पाहा. त्याची कागदोपत्री मर्यादा ४८० मेगाबिट आहे, हातात सेकंदाला ३०-३५ एमबी पडतात. यूएसबी ३ वर तीच एसएसडी ४०० एमबीच्या आसपास जाते. काही केसिंगांच्या चिप यूएएस ही डेटा पाठवायची वेगवान पद्धत नीट सांभाळत नाहीत, ड्राइव्ह मध्येच सुटतो आणि पडदा गोठतो. त्या चिपपुरती यूएएस बंद ठेवायला कर्नलला सांगता येतं. वेग थोडा घटतो, सिस्टीम टिकते. हब वापरू नका, डेस्कटॉपला मागचा पोर्ट घ्या. आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा यूपीएसशिवाय अपडेट चालू ठेवू नका.

‘हव्या त्या मशीनला लावा.’ इंटेल आणि एएमडीच्या ६४-बिट मशीनांवर उबंटू बहुधा चालतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकलेला ड्राइव्ह दुसरीकडे काळा पडदा दाखवू शकतो, म्हणून फिरत्या ड्राइव्हवर तो टाकू नये. ॲपलच्या एम१ आणि पुढच्या चिपच्या मॅकवर हा ड्राइव्ह चालणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये बायोसला पासवर्ड असेल तर प्रश्नच मिटला.

‘विंडोज ११ सुद्धा असंच टाकता येतं.’ विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायला सरळ नकार देतो. मायक्रोसॉफ्टची यासाठीची ‘विंडोज टू गो’ सोय २०२० मध्ये, विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीत काढून टाकली गेली. रुफस या मोफत प्रोग्रामने अजून जमतं, पण लायसन्स मशीनला बांधलेलं असल्याने जागा बदलली की ॲक्टिव्हेशन अडतं.

‘मागे काही खूण राहत नाही.’ मशीनच्या बूट यादीत नोंद राहू शकते, वर सांगितलेलं घड्याळ सरकतं, आणि वायफायवर तुम्ही दिसताच. खरा धोका उलट बाजूला आहे: पीएमपीएमएलच्या बसमध्ये खिशातून पडलेला ड्राइव्ह ज्याला सापडेल, त्याला तुमचे सेव्ह केलेले पासवर्डही सापडतील. इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनची खूण करा, त्याचा पासवर्ड घरी कागदावर लिहून ठेवा. तो हरवला तर दुकानदारालाही काही उघडता येणार नाही.