"जुन्या शहरात बस-सायकल नको" या मेसेजला उत्तर

संभाजीनगरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडंही आला असंल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जुन्या शहरातले रस्ते अरुंद, बस घुसली की जाम, सायकलवाले मधे मधे येतात, टॅक्स कारवाले भरतात, आपल्या उन्हात सायकल कुणी चालवत नाही, म्हणून बस बाहेरच्या बाहेर वळवा, रस्ते रुंद करा अन् पार्किंगला हात लावू नका, नाहीतर दुकानदार मरंल. चांगले शिकले-सवरलेले लोक "एकदम बरोबर" म्हणून पुढं पाठवायलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बसमुळं जाम होतो म्हणे. संध्याकाळी सहा-सातला औरंगपुऱ्यात जरा वेळ उभं राहा. एखाद्या दुकानासमोर कार लागलेली असते, ड्रायव्हर "दोन मिनटात आलो" म्हणून आत गेलेला, मागं बस थांबलेली, कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतोय, आत कॉलेजची पोरं, पिशव्या घेतलेल्या बाया, घाटीतून, म्हणजे सरकारी दवाखान्यातून, पेशंटला भेटून निघालेले खेड्यातले लोक, सगळे त्या एका कारपायी ताटकळलेले. अन् लांबून बघणाऱ्याला काय दिसतं तर बस अडकलीय, मग ठपका बसवरच.

साधा हिशोब करा. रस्ता 30 फूट धरा. दोन्ही बाजूंनी कार लागल्या की दरवाजा उघडायची जागा धरून 14 फूट तिथंच गेले, उरले 16. बस साधारण साडेआठ फुटाची, समोरून एक मोठी कार आली की संपलं, मग टू व्हीलर, सायकल अन् पायी माणूस जाणार कुठून? आणि कारही फुगायल्यात राव. जुनी मारुती 800 होती 1.44 मीटर रुंद, आताची स्कॉर्पिओ एन आहे 1.92 मीटरच्या आसपास. म्हणजे कार दीड फुटानं वाढली अन् गुलमंडीचा रस्ता आहे तेवढाच.

"मग रस्ता रुंद करा ना." किती करणार? हे गाव मलिक अंबरनं 1610 साली वसवलेलं, भडकल गेट 1612 चं. दरवाजे काय रबराचे आहेत का ताणायला? आणि रुंदीकरणात कितीतरी लोकांची घरं-दुकानं मागं सरकली, त्या मोकळ्या जागेचं बऱ्याच ठिकाणी काय झालं तर फुकटचं पार्किंग. घर पाडून कुणाची तरी कार लावायला जागा करायची, हे मला तरी पटत नाही.

टॅक्सचं तर साफच चूक आहे. मोटार वाहन कर राज्य सरकारकडं जातो. गल्लीतला रस्ता महापालिका करते तो घरपट्टी अन् सरकारी अनुदानातून, म्हणजे सायकलवाल्याच्याही पैशातून. आणि एनएफएचएस-5 बघा, म्हणजे केंद्र सरकारचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, 2019-21 चा, देशात कार असलेली घरं साधारण 8 टक्के. बाकीच्यांनी काय करायचं?

ऊन. हो, एप्रिल-मे मध्ये 42 डिग्री होतं, मान्य. पण चिकलठाणा एमआयडीसीत सकाळच्या शिफ्टला सायकलवर जाणारा कामगार, ट्यूशनला जाणाऱ्या शाळेच्या पोरी, गॅरेजवरची पोरं, हे "कुणी नाही" मध्ये येतात का? ते हौसेनं चालवत नाहीत.

मेसेजमधलं एक मात्र खरं आहे, 30 फुटी रस्त्यावर पट्टा मारून सायकल ट्रॅक करण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी त्यावर गाडे आणि गाड्या लागतात. तिथं उपाय स्पीडचा आहे. रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात हेच सांगितलंय, जिथं माणसं अन् वाहनं एकात एक मिसळतात तिथं ताशी 30 किलोमीटरच्या वर जाऊ नका. सगळे हळू चालले की वेगळा ट्रॅक लागत नाही.

आता दुकानदार. त्यांची भीती खोटी नाही, टिळक पथावर लग्नसराईत वर्षाचा धंदा होतो, त्यामुळं हे नीट बोललं पाहिजे. पण दुकानासमोर जागा किती, एका कारची. तिथं दिवसभर कित्येकदा दुकानदाराची स्वतःचीच नाहीतर शेजाऱ्याची गाडी उभी असते. त्याच जागेत सहा-सात टू व्हीलर बसतात. दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी आहे, नियम मोडतात म्हणून तक्रारी आहेत, पण बाजार उठला नाही. मालाच्या टेंपोला सकाळची वेळ ठरवून द्यावी लागंल, म्हाताऱ्या अन् अपंग माणसाला दारापर्यंत रिक्षा येऊ द्यावीच लागंल, हे दोन्ही आधी ठरवा अन् मगच पुढं जा.

माझी मागणी एवढीच आहे, पैठण गेट ते सिटी चौक एका बाजूचं कार पार्किंग तीन महिने बंद ठेवून बघा. त्याआधी अन् नंतर, तासाला किती माणसं त्या रस्त्यानं गेली ते मोजा. गाड्या नाही, माणसं. अन् ते आकडे महापालिकेनं वॉर्डात लावावेत, दुकानदारांच्या गल्ल्याचा हिशोब त्यांनाच विचारून शेजारी लावावा.