कादंबरीकाराच्या दुसऱ्या पत्रासाठी

मराठवाड्यातल्या एका कादंबरीकारानं आपल्या खासदारांना उघडं पत्र लिहिलं: भारतानं अण्वस्त्रं मोडीत काढायला पुढाकार घ्यावा. गावाकडून उत्तरं आली ती एकाच सुरात. 'तुम्ही दुष्काळावर लिहा, कापसाच्या भावावर लिहा. बॉम्बचं शास्त्रज्ञ बघतील.' औंढा नागनाथला अणुऊर्जा विभागाची लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येणार म्हणून छाती फुगवणारे हेच लोक. त्याच खात्याच्या दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे बॉम्बबद्दल, कुणी तोंड उघडलं की त्याला शेताच्या बांधावर परत पाठवतात. याचा मला संताप येतो.

मी ब्रिटनमध्ये राहतो. इथल्या ग्लासगोपासून फासलेनचा नौदल तळ चाळीसेक किलोमीटर. ट्रायडंट या ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या चारही पाणबुड्या तिथल्या, आणि 1969 पासून अण्वस्त्रं घेतलेली एक तरी पाणबुडी कायम समुद्रात असते. वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अणुबॉम्ब, जवळच्या कूलपोर्टला ठेवतात. देखभालीसाठी ती बर्कशायरपर्यंत लष्करी ताफ्यातून जातात, पण रस्ता तोच, ज्यावरून दुधाचे ट्रक जातात. एवढ्या यंत्रणेच्या टोकाला काय आहे? पत्र. नवा पंतप्रधान आला की तो स्वतःच्या हातानं चार पत्रं लिहितो, प्रत्येक पाणबुडीच्या कप्तानासाठी एक: सरकारच उरलं नाही, तर तुम्ही काय करायचं. पत्र पाणबुडीवरच्या तिजोरीत राहतं. पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट करतात. म्हणजे शेवटचा शब्द शास्त्रज्ञाचा नाहीच, तो एका राजकारण्याच्या अक्षरातला आहे. मग त्या राजकारण्याला लेखकानं का लिहू नये?

1957 च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते अॅन्युरिन बेव्हन यांनी एकतर्फी निःशस्त्रीकरणाला विरोध केला. पुढच्याच महिन्यात कादंबरीकार जे. बी. प्रीस्टली यांनी एका साप्ताहिकात त्यांना उत्तर दिलं. वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये इथली अण्वस्त्रविरोधी चळवळ उभी राहिली. ब्रिटनचे बॉम्ब गेले नाहीत, हे मान्य. पण कझाकस्तान बघा. फेब्रुवारी 1989 मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव दूरचित्रवाणीवर कविता वाचायला आले आणि कविता बाजूला ठेवून सेमिपलाटिन्स्कच्या सोव्हिएत अणुचाचण्यांतून होणाऱ्या किरणोत्सारी गळतीवर बोलले. 29 ऑगस्ट 1991 ला ते चाचणीस्थळ बंद झालं.

आता आपल्या कादंबरीकारांशी माझं भांडण. पत्र फार मोघम आहे. 'अण्वस्त्रं नष्ट करा' यावर खासदार मान डोलावतील आणि विसरतील, कारण त्यांना करण्यासारखं त्यात काहीच नाही. मागायचं ते नेमकं मागावं.

पहिलं, क्षेपणास्त्रांचे अपघात. 9 मार्च 2022 ला नेहमीची देखभाल चालू असताना आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. तीन अधिकारी बडतर्फ झाले. पाकिस्तानशी आपण 2005 मध्ये करार केला, तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचा. 2007 मध्ये केला, तो अण्वस्त्रांच्या अपघातांचा धोका कमी करण्याचा. ब्राह्मोस हे विमानासारखं उडत जाणारं क्रूझ क्षेपणास्त्र, उंच कमानीत जाणारं बॅलिस्टिक नव्हे; चाचणीही नव्हती, अण्वस्त्रही नव्हतं. दोन्ही करारांच्या मधल्या फटीतून ते गेलं. पलीकडच्या माणसाच्या हातात विचार करायला मोजकी मिनिटं असतात, आणि येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टोकात काय भरलंय ते रडारवर दिसत नाही.

दुसरं, वॉरहेड आणि क्षेपणास्त्र वेगवेगळं ठेवायची आपली जुनी शिस्त. तिनं घाईला आणि चुकीला आळा बसतो. अग्नी-5 हे क्षेपणास्त्र मात्र 2015 पासून कॅनिस्टरमधून, म्हणजे बंद नळकांड्यातून, डागलं जातं, आणि तयार ठेवलेल्या कॅनिस्टरात ही शिस्त टिकवणं अवघड.

यातल्या कशावरही खासदारांनी लोकसभेत संरक्षण खात्याला प्रश्न विचारला तर गोपनीयतेच्या नावाखाली तो फेटाळला जाईल. म्हणून परराष्ट्र खात्याला विचारावा: 2007 च्या करारात कुठल्याही क्षेपणास्त्राचा अपघात यावा, यासाठी सरकार बोलणी करणार का? लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा बघून पत्र द्यावं.

'आपल्याकडं कशाला कोण बॉम्ब टाकतंय' म्हणणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गावंच्या गावं बसली, जवळपास दहा हजार माणसं गेली. पण लातूर-सोलापूरचे दवाखाने उभे होते, जखमींना न्यायला जागा होती. हिरोशिमात बॉम्ब शहरावर सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला आणि दहातले नऊ डॉक्टर मेले किंवा जखमी झाले. तो सुमारे 15 किलोटनाचा, म्हणजे 15 हजार टन टीएनटी स्फोटकाएवढ्या ताकदीचा होता. फासलेनच्या एकेका वॉरहेडची ताकद साधारण 100 किलोटन मानतात.

'तिकडं सुरक्षित बसून सांगायला काय जातंय' असंही कुणी म्हणेल. फासलेनच्या शेजारी कुणी सुरक्षित नसतं. झोंबतं ते वेगळंच. इथल्या खासदाराला मी हक्कानं लिहू शकतो. ब्रिटिश पासपोर्ट घेतला आणि भारतातलं मत गेलं; परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ते मिळत नाही. किल्लारी अजून 'आपल्याकडं'च म्हणतो, पण त्या मतदारयादीत माझं नाव नाही.

तेव्हा सर, दुसरं पत्र लिहाच. प्रश्नाचा कच्चा मजकूर मी पाठवतो. सही तुमचीच लागेल.