बोळाच्या तोंडाशी थांब, हलू नको

बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन मी निवांत उचलतो. त्याला आमचं घर सापडणार नाही, याची खात्री असते. घाम फुटतो तो पार्सलवाल्या पोराच्या फोनला, कारण त्याला घर सापडायला हवं असतं.

आम्ही छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडी या जुन्या बाजारपेठेच्या पोटात राहतो. कागदावर आमचा पत्ता भारदस्त आहे. घराला नंबर आहे, तोही हैदराबादेकडं असतात तसा: तीन आकडे आणि त्यांच्यामधे दोन आडव्या रेघा. फक्त आमच्या शेजारच्या घराचा नंबर आमच्या पुढचा नाही, मागचाही नाही. कुठून आलाय ते तेच जाणे.

सिडकोतल्या मेव्हण्याला हे दुखणं कळत नाही. त्याच्याकडं एन-१ पासून एन-१३ पर्यंत सेक्टर पाडून ठेवलेत. सेक्टर सांगा, घराचा नंबर सांगा, संपलं. पार्सलवाला फोन न करता येतो, मेव्हणा दार उघडतो, पुडकं घेतो, दार लावतो. शेजारचं कोण वारलं हे त्याला दहाव्याच्या दिवशी कळतं, हा भाग वेगळा.

आम्हाला पत्ता सांगावा लागतो तो असा: पैठण गेटपाशी ये, टिळक पथानं सरळ गुलमंडीवर ये, सुपारी हनुमानाला हात जोड. इथवर कुणीही येतं. खरी मजा पुढं. ‘झेरॉक्सवाल्याच्या शेजारचा बोळ’ असं आम्ही गेल्या दिवाळीत सांगायचो. तो झेरॉक्सवाला आता मोमो विकू राहिलाय. फोनातल्या नकाशावर तिथं अजून बांगड्यांचं दुकान आहे, म्हणजे नकाशा आमच्यापेक्षाही मागच्या पिढीत राहतो. भडकल गेट १६१२ सालचं. मलिक अंबरानं मोगलांना हरवलं त्याची आठवण म्हणून बांधलं. चारशे वर्षांत ते एक वीत हललं नाही. पत्ता सांगायला अशी गोष्ट पाहिजे. दुर्दैवानं आमच्या बोळात मलिक अंबरानं काही बांधलं नाही.

शहराच्या नावाचीही तीच तऱ्हा. मलिक अंबरानं १६१० मधे वसवली ती खडकी, त्याच्या मुलानं केलं फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. ॲपच्या यादीत शेवटची दोन्ही आहेत. आमचा मुलगा पुण्याहून कधी हे निवडतो, कधी ते. पार्सल दोन्ही वेळा बोळाच्या तोंडाशीच अडकतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्यानं आईसाठी कुकरची रिंग मागवली. फक्त रिंग. पूर्वी असली वस्तू आणायला मी पायात चप्पल घालत नव्हतो. बोळ संपला की भांडीवाला होता, त्याला कुकर दाखवायचीही गरज नसायची, कुणाच्या घरात किती लिटरचा आहे हे त्याला पाठ होतं. आता त्याचा नातू तिथं मोबाइलची कव्हरं विकतो. माझ्या फोनचं मॉडेल त्याला पाठ आहे. कुकरबद्दल त्याला काही विचारलं की तो मान वर न करता म्हणतो, “ऑनलाइन बघा ना काका.”

तर फोन आला.

“काका, मी आलो बगा.”

“कुठं आहेस?”

“इथंच. रस्ता खोदलेला हाये ना, तिथं.”

या खुणेवर आमच्या शहरात माणूस शोधायचा म्हणजे पंढरीच्या वारीत टोपीवाला शोधण्यासारखं आहे. जायकवाडीहून नवी मोठी पाइपलाइन येणार म्हणून रस्ते उकरलेत. धरण तिकडं पैठणला पन्नासेक किलोमीटरवर, १९७६ पासून भरतंय. नाथसागर आज किती टक्के, हे आमच्या ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दशांशासकट माहीत असतं. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एखाद वेळा. टक्क्यांवर तहान भागवायची सवय झालीय.

“खोदलेलं सोड. समोर काय दिसतं?”

“समोर गर्दी दिसते.”

दिवाळीच्या आधीची गुलमंडी. खरं बोलत होतं पोरगं. बॅरिकेड लागलेले, पणत्यांच्या गाड्या, सेलवाले स्टुलावर चढून टाळ्या पिटू राहिलेले. मी म्हणालो, “टॉकीजच्या मागं ये.” माझ्या तोंडून हे सवयीनंच निघतं. टॉकीज पाडून कितीतरी वर्षं लोटली. पोराचा त्यावेळी जन्मही झाला नसेल.

“टॉकीज कुठं हाये?”

“टॉकीज नाही आता.”

तो गप्प झाला. मग त्यानं शहाणपणा केला, फोन रस्त्यावरच्या माणसाच्या हातात दिला. “जरा या काकांशी बोला.”

पलीकडून आवाज आला तो आमच्याच शाळेतल्या निवृत्त गुरुजींचा. त्यांनी मला ओळखलं. पोराला दोन शब्दांत वाट सांगून मोकळं व्हायचं सोडून ते म्हणाले, “अरे, तो कोपऱ्यावरचा वकिलांचा वाडा पाडला की! तुला कळलं का?” मी वाड्यापासून चाळीस पावलांवर राहतो. महिनाभर माझ्या घरातल्या डाळीच्या डब्यावरही त्या वाड्याची धूळ होती. पण गुरुजींना मधेच तोडता येत नाही. चार भावांत कुणाला किती आले, धाकट्यानं सही करायला किती नाचवलं, सागवानी खांब कुणी उचलून नेले, नव्या कॉम्प्लेक्समधे पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागेत साड्यांचा सेल कसा लागला, सगळं झालं. पोराच्या बॅलन्सवर. आमच्या भागात वाट विचारली की आधी बातमी मिळते. वाट उरलीच तर मिळते.

मग फोन आणखी कुणाच्या हातात गेला. हे कोपऱ्यावरचे चच्चा. पूर्वी स्टोव्ह दुरुस्त करायचे, मग गॅसचे लायटर, आता मिक्सर. आवाज चढलेला.

“क्या मंगाए साब?”

“कुकरची रिंग.”

“रिंग? पूने से?” चच्चांना खरोखर दुःख झालं. “मेरे कने पडे हैं ना दस-बारा! मेरे कू बोलते तो सही!”

आणि फोन बंद पडला.

मी शर्ट चढवून बाहेर पडलो. बोळाच्या तोंडाशी पोरगं नव्हतं. “हलू नको” हे आमच्याकडं पार्सलवाल्याला सांगायचं पहिलं वाक्य असतं, तेच राहून गेलं होतं. मोमोवाल्यानं हात केला तिकडं गेलो, तर साहेब चच्चांच्या दुकानापुढं स्टुलावर बसून चहा पिऊ राहिले होते आणि त्यांचा मोबाइल चच्चांच्या चार्जरला लावलेला होता. फुलंब्रीकडचं पोरगं, वीस-बावीसचं. मला पाहताच उठलं.

“काका, तुमच्या लाइनीला आज पाणी हाये म्हणं. पाचला सोडणार हायेत.”

सकाळपासून घरात बसून मला हे कळलं नव्हतं. पाच वाजायला दहा कमी होते. मी तिथूनच बायकोला फोन लावला, तिनं पिंपं विसळायला घेतली आणि विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?” पार्सलवाल्यानं, म्हणालो. तिला त्यात नवल वाटलं नाही. आत आणा त्याला, म्हणाली.

पुढचा फास ओटीपीचा. तो गेला पुण्यात मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमधे. तोवर पोरगं आमच्या ओट्यावर टेकलं. बायकोनं त्याच्या हातात चकलीची ताटली दिली आणि तिथून हाक मारून मोटार चालू करायला लावली. नळाला तोटीपुरतंच पाणी येतं, मोटार लावल्याशिवाय ते वर चढत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि मोटार लावायची नाही, हेही सगळ्या गल्लीला माहीत आहे. शेजारच्या काकूंनी गच्चीतून विचारलं, “कोण पाहुणे आलेत?” बायको म्हणाली, “आपलंच आहे एक लेकरू.”

ओटीपी आला. पुडकं फोडलं. रिंग तीन लिटरची होती. आमचा कुकर पाच लिटरचा.

“रिटर्न टाकू का काका?” त्यानं चांगुलपणानं विचारलं. “उद्या पिकअपला पोरगं येईल.”

“तूच येशील ना?”

“नाही, पिकअपची पोरं वेगळी असतेत.”

मी बायकोकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. पुन्हा पैठण गेटापासून सुरुवात, पुन्हा टॉकीज. तिनं रिंग कागदात गुंडाळली आणि फळीवर ठेवली. “राहू दे. कुणाकडं तरी तीन लिटरचा असेलच.” पाच लिटरची मी संध्याकाळी चच्चांकडून आणली. त्यांनी पैसे घेतले आणि वर चार शब्द सुनावले, ते वेगळे.

जाताना पोरानं मोबाइल काढला. “काका, तुमच्या पत्त्यात एक पक्की खूण टाकून ठेवतो. म्हणजे पुढच्याला तकलीफ नाही. काय टाकू?”

मी म्हणालो, मोमोवाला. बायको म्हणाली, तो संक्रांतीपर्यंत टिकत नाही, परवाच त्याचं भाड्यावरून वाजलंय. गुरुजींचं घर म्हणावं तर ते मुलाकडं बीड बायपासला निघालेत. नवं कॉम्प्लेक्स म्हणावं तर त्याच्या पाटीवरून दोन भावांत कोर्ट सुरू आहे. शेवटी बायकोला सुचलं. रस्ता रुंद करायचा म्हणून मोजणीवाले येऊन आमच्या ओट्यापासच्या भिंतीवर तांबड्या रंगानं मोठी फुली मारून गेलेत. ती रात्रीही दिसते.

“‘लाल फुलीचं घर’ असं टाक,” ती म्हणाली.

पोरानं टायपायला सुरुवात केली, मग मान वर करून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“काकू,” तो म्हणाला, “कितवी फुली?”