मतं बदलली म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'मी म्हणजे नेमकं कोण' यावर तत्त्वज्ञ दर शतकात नवं काहीतरी काढतात, म्हणजे हा नुसता शब्दांचा खेळ, आणि आता मेंदूविज्ञान आल्यावर त्याची गरजच उरली नाही. मला हे अजिबात पटत नाही.

मतं बदलली हे खरंय, पण ती का बदलली ते बघा ना. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1694 मध्ये मांडलं की माणूस 'तोच' राहतो तो शरीरामुळे किंवा आत्म्यामुळे नाही, तर मागे केलेलं त्याला आपलं म्हणून आठवतं त्यामुळे. त्यावर 1785 मध्ये थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने एक काल्पनिक माणूस उभा केला: लहानपणी बागेत चोरी केली म्हणून मार खाल्लेला मुलगा, पुढे अधिकारी होऊन शत्रूचा झेंडा हिसकावतो तेव्हा त्याला तो मार आठवतोय, मग म्हातारपणी जनरल होतो तेव्हा झेंडा आठवतो पण मार साफ विसरलाय. लॉकच्या हिशोबाने मुलगा आणि अधिकारी एकच, अधिकारी आणि जनरल एकच, पण जनरल आणि मुलगा मात्र वेगळे! असं कसं चालेल? म्हणून नंतरच्या लोकांनी थेट आठवणीऐवजी एकमेकींत अडकलेल्या आठवणींची साखळी धरली. चूक सापडली, दुरुस्ती केली. विज्ञानात यालाच तुम्ही प्रगती म्हणता.

बरं, मेंदू म्हणता, तर मेंदूतलं काय? हेन्री मोलायसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा थोडा भाग 1953 मध्ये फिट्सवर उपाय म्हणून काढला, आणि तेव्हापासून 2008 मध्ये जाईपर्यंत नुकतंच झालेलं बोलणंसुद्धा त्याच्या लक्षात राहायचं नाही, पण बुद्धी, भाषा शाबूत होती. काय बिघडलं ते स्कॅन दाखवेल, पण 'तोच माणूस' म्हणायला काय टिकायला हवं हे स्कॅनमध्ये दिसत नाही, ते आपल्यालाच विचार करून ठरवावं लागतं.

आणि यावर खऱ्या लोकांचं खरं काहीतरी अवलंबून असतं. (लॉकनेही 'तोच माणूस' हा प्रश्न शिक्षा किंवा बक्षीस कुणाला द्यायचं याच्याशी जोडला होता.) समजा एखाद्याने धडधाकट असताना लिहून ठेवलं, की डिमेन्शिया झाला तर मला न्यूमोनियाचे उपचारही देऊ नका, आणि आता तो सगळं विसरलाय पण रोज गाणी ऐकून खुश असतो, आणि त्याला न्यूमोनिया झाला. कुणाचं ऐकायचं? मी आजच्या पेशंटच्या बाजूने आहे, कारण जगण्यातला आनंद आत्ता त्याला मिळतोय, लिहिणाऱ्याला नाही. तुम्हाला हे चूक वाटत असेल तर जरूर सांगा, पण का ते सांगताना 'तो तोच माणूस आहे का' याचं उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल.