मुंबई ते दुबई : अंतर भागिले वेग

मुंबई ते दुबई हे सरळ हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे आणि जेट विमान एकदा वर गेले की ताशी साधारण 850 ते 900 किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा प्रवासाला सव्वादोन तास लागावेत हे शाळकरी मुलालाही सांगता येईल. रेल्वेच्या वेळापत्रकांवर हयात घालवून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनीही हेच उत्तर काढले आणि मग तिकीट हातात धरून त्यांनी मला फैलावर घेतले.

तिकिटावर सहारहून निघण्याची वेळ पहाटे 4:30 आणि दुबईला पोहोचण्याची सकाळी 6:15 अशी होती. परतीचे विमान मात्र रात्री 10 वाजता निघून 2:30 वाजता उतरणार होते. “जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार? जाताना राजधानी आणि येताना पॅसेंजर, असे का रे?”

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, हे सांगून मी दोन्ही वेळा सरळ करून दिल्या. जाताना सव्वातीन तास आणि येताना तीन. सुटलो असे वाटले, पण मामांनी लगेच उरलेला पाव तास पकडला. त्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात तर फारच जोराने, त्यामुळे जाताना ते विमानाला अडवतात आणि येताना ढकलतात. कागदावर रखडलेली दिसणारी फेरीच प्रत्यक्षात लवकर पोहोचणारी निघाली, तेव्हा वाऱ्याची दिशा मीच ठरवली असावी अशा नजरेने मामांनी माझ्याकडे पाहिले.

तरीही सव्वादोनाचे सव्वातीन कसे होतात, हा प्रश्न होताच. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीकडे रांगत जाणे, तिथली रांग, चढताना आणि उतरताना कमी झालेला वेग, शिवाय उशीर झाल्यास अंगावर येऊ नये म्हणून राखून ठेवलेली थोडी मिनिटे. या शेवटच्या कलमावर मामांचा चेहरा प्रथमच उजळला, कारण शेवटच्या दोन स्थानकांमध्ये गाडीला अशीच सढळ वेळ देण्याची सोय त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. (पुण्याहून सहारपर्यंतचे दीडशे किलोमीटर आणि विमानतळावरचे तीन तास यांचा हिशेब मी त्यांना मुद्दामच मांडू दिला नाही.)

विमानात समोरच्या पडद्यावरचे इवलेसे विमान अरबी समुद्रावर चिकटून बसले होते. ताटलीतला उपमा गार होत असताना मामा खिशातल्या डायरीत दर दहा मिनिटांनी वेग उतरवत होते आणि तो आठशेच्या खाली गेला की मला कोपराने ढोसत होते.

परतताना मुंबईचे दिवे दिसू लागले आणि विमान वळले; पुन्हा वळले; तेच दिवे तिसऱ्यांदा खिडकीत आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दी झाली की विमानांना वरच घिरट्या घालाव्या लागतात, असे मी घाबरत घाबरत सांगितले.

“मग आउटरला उभे केले आहे, असे सरळ सांग ना,” असे म्हणत मामांनी समाधानाने डायरी मिटली आणि पट्टा आवळून ते झोपी गेले.